बसल्या नाडी बावन्न

मोहर्ली, १५ मे २०२५

प्रिय संघूताई,

जयभीम.

माझं सगळं बदललं ते परवा मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण मेडिकलच्या खोलीबाहेर भिंतीवर घड्याळ होतं आणि तासभर मी त्याच्याकडेच बघून राह्यलो होतो. दार उघडलं, रिना बाहेर आली. हातात कागद. माझ्याकडे न बघता ती पोलिओच्या पोस्टरकडे बघत म्हणाली, "चाल, घरी जाऊ." कागदावर लिहिलं होतं, तात्पुरती अपात्र. ठोके मिनिटाला अडतीस, मध्ये खंड.

रिना कोण ते सांगतो. श्रीहरीभाऊ इथल्या जंगलाच्या गेटवर गाईड आहेत, त्यांची मोठी पोरगी. वनरक्षक भरतीत मुलींना तीन किलोमीटर पळावं लागते. त्यात ही जिल्ह्यातून तिसरी आली, ताई, आणि तयारी कुठे केली, तर मोहर्लीच्या डांबरी रस्त्यावर, सकाळी दहानंतर, भर उन्हाळ्यात. पहाटे इथं पळायची सोय नाही, पहाटे रस्ता वाघाचा असतो. त्यामुळे ऊन चढल्यावर ती पळणार आणि मी सायकलवर मागे, पाण्याची बाटली घेऊन. ज्या पर्यटकाला वाघ दिसत नाही तो हिचा फोटो काढून घेते. श्रीहरीभाऊ जिप्सीत उभे राहून सांगतात, "साहब, टायगर कल दिखेगा, आज मेरी लडकी देखो."

सकाळी चहाच्या आधी ओट्यावर बसवून मी तिची नाडी मोजतो. माझ्या वहीत आहे सगळं. फेब्रुवारीत अठ्ठावन्न, मार्चमध्ये पंचावन्न, मे लागला तेव्हा बावन्न. आपल्या गळ्यातून जी व्हेगस नस उतरते ती हृदयाचा लगाम असते, आणि रोज पळणाऱ्याचा लगाम पक्का होते, म्हणून त्याचं हृदय बसल्या जागी हळू चालते. हे मला कोणी शिकवलं, तर तू. आणि इथं एक डॉक्टर त्यालाच बिमारी म्हणते.

आता काम ऐक. तुम्ही नागपुरात लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी करून हीच नस मोजत असता. मी रिनाला घेऊन येतो. तिची नस मोजा, फोटो काढा, त्यावर तुमच्या डॉक्टर मॅडमची सही द्या. फेरतपासणी सोळा जूनला आहे. तो फोटो मी त्या टेबलावर आपटतो आणि मग बघतो कोण अपात्र म्हणते.

फोन करू नको. परत येताना मी तो बसच्या खिडकीतून फेकला. आणि कॉलेजचा विषय काढू नको.

तुझा,
अश्विन

नागपूर, २० मे

प्रिय अश्विन,

जयभीम. फोन फेकणाऱ्या भावाला पत्रच लिहावं लागतं. पोस्टात गेले तर तिथली बाई म्हणाली, "राखीला अजून वेळ आहे ना, मॅडम?"

कॉलेजचा विषय काढत नाही. मामेबहीण म्हणून नाही, तुझ्या फॉर्मवर सही केलेली माणूस म्हणून एक ओळ लिहिणार होते, तीही गाळली.

आता तुझं काम. आम्ही काय करतो ते तू पाहिलं आहेस, पण अर्धंच पाहून गेलास, म्हणून पुन्हा सांगते. माणसाला उताणं झोपवायचं, मान थोडी वळवायची, गळ्यावर थंडगार जेल. गळ्यावर फिरवायचा प्रोब मॅडम धरतात, नोंदी मी घेते. पडद्यावर एक काळा गोल दिसतो, ठोक्यागणिक फुगतो, ती धमनी. तिच्या बाजूला शीर, प्रोब दाबला की मिटून जाते. दोघींच्या खोबणीत मोहरीच्या दाण्याएवढा एक ठिपका, आत पोळ्यासारखी भोकं. ती व्हेगस. तिचं माप घ्यायचं, मग त्याच माणसाचे ठोके वीस मिनिटं नोंदवायचे, आणि दोघांचं काही नातं लागतं का ते बघायचं. लागतं की नाही, तेच आम्ही शोधत आहोत. त्रेचाळीस माणसं झाली. आकडे अजून एका सुरात बोलत नाहीत.

तेव्हा तुला हवा तसा कागद मी देऊ शकत नाही. फोटोत नस दिसते, नसेचं काम दिसत नाही. रिना आली तर तिला नमुना म्हणून घेऊ, चहा पाजू, पण "हिचं हृदय ठणठणीत" असं त्या फोटोखाली मॅडम लिहिणार नाहीत, आणि लिहिलं तर मी त्यांच्याकडे काम करणार नाही.

परवा लटारू नावाचे आजोबा आले होते. दारावर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी आहेच. जेल लावल्यावर हळूच म्हणतात, "बाई, पोरगा हाय का पोरगी, मले सांगून द्या, मी कोणाले नाई सांगत." मॅडमचा हात हलला आणि माप पुन्हा घ्यावं लागलं.

हसून झालं असेल तर एक विचारते. तुझ्या वहीत बावन्न. त्या कागदावर अडतीस, आणि खंड. पळण्यानं बावन्नची अडतीस दहा-बारा दिवसांत होत नाही. त्या सकाळी आधी काय झालं होतं?

आणि ओळखीच्या मुलीची नाडी तारखेनिशी वहीत ठेवतात का रे? सहज विचारलं.

तुझी,
संघूताई

मोहर्ली, २५ मे

ताई,

मला वाटलं होतं तू आपली आहेस. नागपूरला राहून तूपण त्याच लोकांसारखी बोलायला लागली. आकडे बोलत नाहीत म्हणते. इथं ये आणि बघ आकडे बोलतात की नाही.

इथं काय चाललं आहे ते सांगतो. श्रीहरीभाऊंचं घर तेंदूच्या पानांनी भरलं आहे, रिना आणि तिची आई आशाबाई ओसरीत बसून पुडे बांधतात. मी गेलो तर आशाबाईंनी मलाच पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "अश्विन, तू शिकलेला हायेस. दिलाची बिमारी म्हणजे पोरगी किती वर्स जगते?" मी सांगितलं, तिला काहीच नाही. त्या म्हणाल्या, "मंग डाक्टर काऊन लिहीन?" रिना पुडा बांधत राहिली. तिला पळायला बंदी, सायकल बंदी, पाण्याचा हंडा उचलायची बंदी. शेजारच्या पत्रूकाकाची बायको येऊन सांगून गेली, की दिलवाल्या पोरीचं सोयरिकीत अडते. ज्या पोरीला मी सायकलवर गाठू शकत नव्हतो, ती आता ओसरीच्या दोन पायऱ्या भिंतीला हात लावून उतरते. मला ते बघवत नाही. त्या सकाळी पंधरा मुलींत ताठ मानेनं उभी होती ती.

तू विचारलं त्या सकाळी काय झालं. काही झालं नव्हतं. भीती वाटली असेल तिला, भीतीनं कमी झाले असतील ठोके.

ती ओळखीचीच आहे. वही मी सगळ्यांची ठेवतो. भरतीवाल्या गोपालची पण आहे.

फोटो पाहिजेच. मॅडमची सही नको, तुझी दे.

अश्विन

नागपूर, ३१ मे

प्रिय अश्विन,

फोटो पाठवते आहे, पाकिटात बघ. रिनाचा नाही, तुझा. मागच्या ऑक्टोबरमध्ये तू नमुना क्रमांक सतरा होतास, आठवतं? बाणानं दाखवली आहे ती तुझी उजवी व्हेगस. त्रेचाळिसांत सगळ्यात जाड. तुझ्या हिशोबानं तुझं हृदय साधूसारखं चालायला पाहिजे. त्या दिवशी तुझे बसल्या ठोके किती होते माहीत आहे? अठ्ठ्याऐंशी. कारण नोंदीच्या आधी तू कॉलेजातल्या त्या सरांशी भांडून आला होतास आणि वीस मिनिटं झोपूनही ते भांडण तुझ्या डोक्यातून उतरलं नव्हतं. आता हा फोटो घेऊन कोणत्या टेबलावर आपटतोस ते सांग.

दुसरं. भीतीनं ठोके वाढतात, अश्विन. हे तुला पहिल्या सहामाहीत शिकवलं, तू पेपरात लिहिलं, बारापैकी दहा मिळाले. म्हणून पत्रात ते चुकून लिहिलं असं मी मानत नाही. तू मला पहिल्यांदाच खोटं लिहिलंस आणि तेही वाईट लिहिलंस.

मी काय समजते ते सांगते. दिवाळीत माझ्या खोलीवर मी घमेल्यात बर्फ टाकून तुला तोंड बुडवायला लावलं होतं. श्वास रोखून. मी मनगट धरलं होतं आणि मोजताना मी हसत होते, पाऊण मिनिटात तुझे ठोके धाडकन खाली आले होते. चेहऱ्याला गार पाणी आणि रोखलेला श्वास, व्हेगसला जागं करायचा जुना उपाय. आम्ही प्रयोगात करतो तो मशीन लावून, डॉक्टर शेजारी ठेवून.

तू तिला ते शिकवलंस का?

संघूताई

मोहर्ली, ८ जून

ताई,

चार दिवस तुझं पत्र उशीखाली होतं. दोनदा फाडायला काढलं.

हो.

भरतीच्या पोरांत एक बोलणं असते, की मेडिकलला छाती धडधडली तर पोरगा बाद. गोपालचे मागच्या साली एकशे अठरा भरले, त्याला तीनदा बोलावलं. रिना रनिंगला भीत नाही पण दवाखान्याला भिते, सुई बघून तिचं तोंड उतरते. मी म्हटलं, आपल्याजवळ विद्या आहे. बाटलीभर बर्फाचं पाणी थर्मासमध्ये घेऊन गेलो. तिची ओढणी त्यात भिजवली आणि सांगितलं, टेबलावर कपाळ-डोळे झाकून घे, ऊन लागलं म्हण, आणि यंत्र लागलं की श्वास आत दाबून धर, पोट आवळ. कोणाला कळणार नाही. सेहेचाळीस डिग्री होती, सिस्टरनं ओढणी ठेवू दिली. जिची नाडी आधीच बावन्न, तिला मी हे करायला लावलं. का, तर मला दाखवायचं होतं की कॉलेज सोडलं तरी अश्विनला येते.

सगळ्यात वाईट हे नाही. परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "त्या पाण्यानं तं नाई ना झालं?" मी म्हटलं, "नाई, पाण्यानं काय होते." त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर तिनं आपलं हृदय खराब मानून घेतलं.

वही सगळ्यांची नाही. फक्त तिची आहे. हेही खोटं होतं.

आता तू म्हणशील, सांग तिला. सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. श्रीहरीभाऊ मला मुलासारखे वागवतात, होमस्टेच्या मालकाला सांगून त्यांनीच मला नोंदीच्या टेबलावर लावलं. मी विचार केला आहे, फेरतपासणीत ती साधीच झोपली तर बावन्नच येतील. तेव्हा न सांगताही होईल ना?

अश्विन

नागपूर, ११ जून

अश्विन,

नाही होणार. मागच्या ईसीजीच्या पट्टीत खंड आहे. तो का आला हे समजल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर नुसत्या बावन्नवर सही करणार नाही, आणि करूही नये. समजा केली, तरी ती मुलगी जन्मभर पायऱ्या भिंतीला धरून उतरेल. तुझ्या शब्दावर मानलेलं तुझ्याच शब्दानं जाईल.

तिथं सांगायचं ते असं. पाणी किती गार, ओढणी किती वेळ, श्वास कधी रोखला, पोट आवळलं होतं. वही ने. ईसीजी पुन्हा साधा काढा म्हण, ट्रेडमिलवर चालवून बघा म्हण, आणि ते काय म्हणतात ते ऐक. मॅडमला विचारूनच लिहिते आहे. फोटो नेऊ नको.

घमेलं मी दाखवलं होतं. शिकवताना कुठे थांबायचं ते सांगितलं नाही, माझी चूक मी मॅडमपुढे कबूल केली. त्या रागावल्या. पण काम सुटलं नाही.

तुझा तिच्यावर जीव आहे हे मला पहिल्या पत्रात कळलं. ते तिला कधी सांगायचं ते तू बघ. हे मात्र आधी सांग.

संघूताई

मोहर्ली, १७ जून

प्रिय संघूताई,

जयभीम.

पात्र. लाल शिक्क्यासकट. शिक्का मी बोटानं चाचपून बघितला, शाई माझ्या बोटाला लागली ती अजून धुतली नाही.

आता पहिल्यापासून. तुझं पत्र शनिवारी मिळालं. संध्याकाळ व्हायची होती, मी तसाच गेलो. रिना अंगणात तांदूळ निवडत होती. श्रीहरीभाऊ गेटवर, आशाबाई आत. मी उभ्यानंच सांगितलं. थर्मास, ओढणी, श्वास, आणि बसमध्ये खोटं बोललो तेही. लहान आवाजात सांगणार होतो, पण माझा आवाज तुला ठाऊक आहे. आशाबाई पिठाचे हात घेऊन दारात आल्या.

रिनानं सूप खाली ठेवलं. मला वाटलं मारते. तिनं विचारलं, "म्हंजे मले काई झालं नाई?"

मी म्हटलं, "मले वाटते नाई. पण ते डाक्टर सांगन. मी सांगणारा कोण."

"महिना झाला, मी रात्री कुशीवर वळायले भेऊन राह्यली," ती म्हणाली. "अन् तू रोज येऊन इथं चहा पेऊन जात होता."

मग ती उठली, चपला भिरकावल्या आणि रस्त्याला लागली. आशाबाई ओरडल्या, "अवं थांब वं, मरशीन." ती कायची थांबते. वनविभागाच्या नाक्यापर्यंत गेली आणि वळली. मी सायकल घ्यायची विसरलो, नुसता पळालो, ताई, आणि अर्ध्यातच बसलो. ती माझ्यापाशी येऊन थांबली, घामानं भिजलेली, आणि मनगट पुढं केलं. "मोज."

एकशे छप्पन्न. मी धरूनच ठेवलं. एक मिनिट झालं आणि पुन्हा मोजले तर एकशे आठ. अठ्ठेचाळीस ठोके एका मिनिटात खाली. तुम्ही पडद्यावर जो मोहरीचा दाणा शोधता तो माझ्या बोटाखाली काम करत होता, मशीन नाही, जेल नाही. मला रडू आलं, पण मी ते घाम म्हणून पुसलं.

"सोमवारी तूच बोलायचं डाक्टरापुढं," ती म्हणाली. "आईपुढं बोलला तसं. मी एक शब्द नाई बोलत." आणि हात सोडवून घेतला.

श्रीहरीभाऊंना घरी आशाबाईंनी सांगितलं. रविवारी मला बघून ते वाट बदलून गेले. सोमवारी बसमध्ये मात्र माझ्या शेजारीच बसले आणि भद्रावतीचा फाटा गेल्यावर म्हणाले, "गाईडचं एक असते, अश्विन. जंगल अर्धं ठाऊक असन तं गाडी पुढं नाई न्यायची." मी म्हटलं, "हो भाऊ." नंतर त्यांनी फुटाणे काढले आणि पुडी माझ्याकडे केली.

या वेळी डॉक्टर वेगळ्या होत्या, एक वयस्कर मॅडम. मागची पट्टी त्यांच्यापुढे होती. रिना टेबलावर, छातीला तारा, शेजारी मॉनिटर. श्रीहरीभाऊ बाहेर बसले, मला त्यांनी आत ढकललं. मी तुझ्या पत्रातल्यासारखं सगळं सांगितलं, वही ठेवली. मॅडमनी पानं उलटली.

"हे कोणी शिकवलं हिला?"

"मी."

"तू कोण?"

"मेडिकल इमेजिंगच्या कोर्सचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेला."

"का सोडलं?"

"राग आला होता."

"कोणाला?"

"मले."

सिस्टर हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ही मुलगी टेबलावर बेशुद्ध पडली असती तर? मागच्या डॉक्टरांनी अपात्र लिहिलं ते बरोबर लिहिलं. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं." मी महिनाभर ज्या डॉक्टरला शिव्या घातल्या, त्याच्यासाठी माझ्या तोंडून "हो मॅडम" निघालं. मला माझीच कमाल वाटली. खाली मान घालून एवढा ताठ मी कधीच उभा नव्हतो.

पुढं जे झालं ते त्यांच्याच कागदावरून उतरवतो. दहा मिनिटं शांत झोपल्यावर एक्कावन्न, खंड एकही नाही. ट्रेडमिलवर तिला दमवता दमवता तिथला माणूस दमला. मॅडमनी श्रीहरीभाऊंना आत बोलावून सांगितलं, की पळणाऱ्यांचं हृदय असंच हळू पण जोरकस चालतं, हिला म्हणावं पळत राहा. भाऊंनी खिशातून मोठा रुमाल काढला. संध्याकाळच्या सफारीत त्यांनी सहा पर्यटकांना वाघ दाखवायच्या आधी हेच सांगितलं म्हणे, हिंदीत.

रिना माझ्याशी अजून नीट बोलत नाही. काल बसमधून उतरताना एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेले कोणाले शिकवशीन तं आधी पुरं शिकून ये." मी कॉलेजात परत विचारायला येणार आहे, गुरुवारी. सरांना भेटतो. तू सोबत येऊ नको, माझं मी बोलतो.

पण तुला हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. ते दहा मिनिटं शांत झोपायच्या आधीचं आहे. मी वही ठेवून टेबलापाशी उभा होतो. मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या, मॉनिटरकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तू आत आलास तेव्हा हिचे चौपन्न होते. आता बघ."

बघितलं. चौऱ्याऐंशी.

"तू उभा आहेस तोवर मला हिची खरी नाडी मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर हो."

रिनानं मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. तिचा कान लाल झाला होता. तो राग होता की दुसरं काही, हे कोणत्याही मशीनला सांगता येणार नाही, आणि मीही विचारलं नाही. महिनाभर मी त्या खोलीत बोलायला तडफडत होतो, आणि आता तिच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं. मी वही टेबलावरच राहू दिली, बाहेर आलो आणि आवाज होऊ न देता दार लावून घेतलं.